धुक्यातलं फुकटचं तिकीट

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

«नमस्कार. मी नागपूरची, वय ३९, शाळेत शिकवते. धाकटी बहीण फ्रँकफर्टजवळ असते. तिला बाळंतपणाची जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख दिली आहे. ८ जानेवारीला मी आईला घेऊन निघणार. आई ६८ वर्षांची आहे, तिला मधुमेह आहे आणि गुडघे दुखतात. ती तिथे राहील, मी दहा दिवसांनी परत येईन.

माझ्या क्रेडिट कार्डावर ८४,००० पॉइंट साठले होते. त्यातले २४,००० वापरून बँकेच्या पोर्टलवरून नागपूर–दिल्ली सकाळी सातच्या विमानाची दोघींची तिकिटं काढली. दिल्लीहून पुढचं तिकीट दुसऱ्या कंपनीचं काढणार आहे, मध्ये साडेतीन तास मिळतात. उरलेल्या ६०,००० पॉइंटांचं काय करू? माझी बँक बिलात वळते करायला पॉइंटला २० पैसे देते, वस्तूंना २५ पैसे, विमान-हॉटेलला ५० पैसे, किंवा दोन पॉइंटांचा एक एअर माइल, म्हणजे विमान कंपनीचा पॉइंट.

दुसरं, एक सहकारी म्हणते की नवीन कार्ड घे, ९० दिवसांत दीड लाख खर्च केले की २०,००० पॉइंट बोनस मिळतात. वार्षिक फी ५,००० अधिक जीएसटी. मिस्टर म्हणतात, पॉइंटांच्या नादात तुझा खर्च वाढलाय.

तिसरं, गेल्या मे महिन्यात आमचं पुण्याहून रात्री नऊचं विमान पहाटे चारला सुटलं. सात तासांत एक सँडविच आणि एक ज्यूस मिळाला. आमचा हक्क किती होता? आणि आई विचारते, डिंकाचे लाडू नेता येतील का?»

बाई (शाळेत शिकवणाऱ्यांना मला दुसरं काही म्हणताच येत नाही), आधी एक काम करा. दिल्लीचं ते तिकीट रद्द करा. बाकीचं सगळं खाली सांगतेच, पण हे पुढे ढकलू नका, कारण जितका उशीर कराल तितके कमी पॉइंट परत येतील.

जानेवारीचा पहिला पंधरवडा हा दिल्लीच्या धुक्याचा ऐन हंगाम. १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हा काळ सरकारदरबारीसुद्धा धुक्याचा म्हणूनच धरला जातो. या दोन महिन्यांत दिल्लीच्या धुक्याच्या वेळेतल्या विमानांवर कमी दृश्यमानतेत उतरण्याचं प्रशिक्षण घेतलेलेच वैमानिक ठेवा, असं डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, कंपन्यांना बजावतं. दिल्लीच्या धावपट्ट्यांवर कॅट-थ्री यंत्रणा आहे. तिच्या आधाराने धावपट्टीवर ५० मीटरपर्यंत दिसत असलं तरी विमान उतरू शकतं. उडायला मात्र साधारण १२५ मीटर लागतात. म्हणजे आलेली विमानं जात नाहीत आणि उभी राहायला जागा उरत नाही. मग नागपूरचं सातचं विमान माणसं आत बसवून नागपुरातच उभं राहतं, कारण तिकडे दिल्ली घ्यायला तयार नसते. आणि निघालंच, तर जयपूरला किंवा लखनौला उतरवलं जाण्याची शक्यता असते. धुकं दाट असतं ते पहाटेपासून नऊ-दहापर्यंत, आणि तुमचं विमान उतरणार तेही त्याच वेळात.

एरवी मी सगळ्यांना पहिलं विमान पकडायला सांगते. ते रात्रीच मुक्कामाला येऊन उभं असतं, कुठून यायचं नसतं. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं, त्यामुळे सकाळी झालेला अर्ध्या तासाचा उशीर संध्याकाळपर्यंत दोन तासांवर जातो. दिल्लीला जानेवारीत हा नियम उलटा होतो, दुपारचं विमान बरं.

पण धुकं हा निम्माच धोका. दुसरा धोका असा की तुमची तिकिटं दोन वेगळ्या कंपन्यांची, दोन वेगळ्या पीएनआरची असणार आहेत. एका पीएनआरवर दोन्ही विमानं असली आणि पहिल्याला उशीर झाला, तर पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी असते. दोन पीएनआर असले की दिल्लीपर्यंतच्या कंपनीचं काम दिल्लीत संपलं आणि पुढच्या कंपनीला तुम्ही नागपूरहून येत होता हे ठाऊकसुद्धा नाही. मी स्वतः काही वर्षांपूर्वी वडिलांना घेऊन अशीच दिल्लीत धावत काउंटरपर्यंत गेले होते. पट्ट्यावरच्या शेवटच्या बॅगा आत सरकत होत्या. काउंटरवरची मुलगी चांगली होती, तिने वडिलांना पाणी दिलं, खुर्ची दिली. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे तुम्ही नो-शो आहात." म्हणजे न आलेले प्रवासी. विमान अजून दारातच उभं होतं. नवीन तिकिटाचे पैसे त्या दिवशी जागेवर भरले. त्यात पहिल्या तिकिटावर वाचवलेले पैसे तीनदा बुडाले असते.

तुमच्या साडेतीन तासांतून काय काय वजा होतं तेही बघा. वेगळी तिकिटं म्हणजे बॅगा थेट फ्रँकफर्टपर्यंत जात नाहीत, दिल्लीत पट्ट्यावरून उचलून पुन्हा जमा कराव्या लागतात. पहिलं विमान टर्मिनल १ ला उतरलं, तर बॅगा आणि आईला घेऊन रस्त्याने टर्मिनल ३ गाठायचं. आंतरराष्ट्रीय चेक-इन विमान सुटण्याच्या तास-सव्वा तास आधी बंद होतं. त्यानंतर इमिग्रेशनची रांग. हातात उरतात जेमतेम दीड-दोन तास, तेही आकाश निरभ्र असेल तर. गुडघे दुखणाऱ्या आईला त्या दोन तासांवर सोडू नका.

मग जायचं कसं? मी तुमच्या जागी असते, तर मुंबईहून गेले असते. मुंबईला दिल्लीसारखं धुकं नसतं. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत आणि एका वेळी एकच वापरता येते, म्हणून विमानं तिथेही रखडतात. पण ते रखडणं अर्ध्या-पाऊण तासाचं, अख्खी सकाळ वाया घालवणारं क्वचित. आदल्या दिवशी सकाळी नागपूर–मुंबई करा, डोंबिवलीला नाहीतर ठाण्याला कुणाकडे तरी आईला आडवं होऊ द्या, आणि मग फ्रँकफर्टचं थेट विमान घ्या. नागपूरचं विमान त्या दिवशी रद्दच झालं, तरी रात्रीची दुरांतो किंवा विदर्भ एक्स्प्रेस हाताशी आहे, आणि ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण खुला झाला आहे. गाडीने सातशे किलोमीटर आईला बसवू नका, पण अगदीच अडलं तर वाट आहे, एवढं डोक्यात असलं की झोप लागते.

तारखेची एक चूक फार जण करतात. मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ८ जानेवारी, ०२:३० असं असेल, तर विमानतळावर ७ तारखेच्या रात्री पोचायचं असतं.

मुंबई नको असेल तर आणखी एक पर्याय बघा. नागपूरहून दोह्याला थेट विमान बरीच वर्षं जातं. तुमच्या तारखेला ते असेल, तर नागपूर–दोहा–फ्रँकफर्ट एकाच पीएनआरवर मिळतं. बॅग सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, टाकायची ती फ्रँकफर्टलाच उचलायची, दिल्लीचं धुकं नाही, मुंबईचा ट्रॅफिक नाही. भाडं थोडं जास्त पडलं तरी आईसाठी मी ते दिलं असतं.

आता पॉइंटांचं. माझं एकच सांगणं आहे. जिथे वेळ चुकून चालणार नाही तिथे पैसे मोजा, तिकीट थेट कंपनीकडून काढा आणि एकाच पीएनआरवर काढा. पॉइंट तिथे खर्च करा, जिथे उशीर झाला तरी काही बिघडत नाही. तुम्ही नेमकं उलटं केलं होतं. सगळ्या प्रवासातला सगळ्यात नाजूक सांधा तुम्ही पॉइंटांनी जोडला.

६०,००० पॉइंट बिलात वळते केले तर १२,००० रुपये. वस्तू घेतल्या तर १५,०००, पण त्या यादीतल्या मिक्सरची किंमत आधी बाजारात विचारून बघा, बरेचदा ती वाढवलेली असते आणि तुमचे २५ पैसे प्रत्यक्षात १८ निघतात. विमान-हॉटेलला ३०,०००. माइल केले तर ३०,००० माइल. एका माइलची किंमत काढायची रीत सोपी आहे. समजा एखाद्या तिकिटाचं रोख भाडं ६,५०० आहे. तेच माइलवर घेतलं तर ५,००० माइल आणि वर १,२०० रुपये कर भरावा लागतो. ६,५०० तून १,२०० वजा केले, राहिले ५,३००. त्याला ५,००० ने भागलं की माइलला एक रुपया सहा पैसे, म्हणजे तुमच्या पॉइंटला ५३ पैसे. पोर्टलचे ५० आणि माइलचे ५३, फरक तीन पैशांचा. त्यासाठी माइलच्या मोजक्या जागा शोधत बसणं मला परवडणारं वाटत नाही. लांबच्या प्रवासात, बिझनेस क्लासमध्ये, हाच आकडा कधी दुप्पट-तिप्पट जातो, तेव्हा माइल करण्यात अर्थ असतो. पण एकदा पॉइंटांचे माइल केले की ते परत पॉइंट होत नाहीत, म्हणून जागा मिळतेय हे बघितल्याशिवाय वळते करू नका.

साठवूनही ठेवू नका. पॉइंट ही ठेव नव्हे, त्यावर व्याज नाही आणि त्याची किंमत बँक किंवा विमान कंपनी कधीही कमी करू शकते. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सभासदांचे पॉइंट वाया गेले नाहीत, पण ते दुसऱ्याच योजनेत गेले आणि त्या नावाची कार्डं घेतलेल्यांचे सगळे हिशोब बदलले. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला जमिनीवर बसली, तेव्हाही असंच झालं होतं. वर्षा-दोन वर्षांत वापरून मोकळं व्हायचं, एवढंच धोरण ठेवा.

तर तुमचे पॉइंट कुठे? नागपूर–मुंबईच्या आदल्या दिवशीच्या तिकिटांना. मध्ये अख्खी रात्र आहे, त्यामुळे तिथे वेगळ्या पीएनआरने काही बिघडत नाही. नातेवाइकांकडे उतरायचं नसेल तर विमानतळाजवळच्या हॉटेलला. उरतील ते उन्हाळ्यात पुण्याला जायला. फ्रँकफर्टचं तिकीट थेट विमान कंपनीच्या साइटवरून, कार्डाने पूर्ण पैसे भरून. त्यावर नवे पॉइंट मिळतीलच.

थेट कंपनीकडून का, हे शाळेतल्या उदाहरणाने सांगते. पोर्टलवरून काढलेलं तिकीट म्हणजे वर्गशिक्षिकेऐवजी शिपायामार्फत पाठवलेला अर्ज. विमान रद्द झालं की काउंटरवर ऐकू येतं, "तुमच्या एजंटशी बोला", आणि एजंट म्हणजे ते पोर्टल, ज्याचा फोन त्या दिवशी लागत नाही. कधी उशिराचा एसएमएससुद्धा पोर्टलने दिलेल्या भलत्याच नंबरवर जातो. आता जे तिकीट पोर्टलवरून काढाल, त्याचा पीएनआर लगेच विमान कंपनीच्या साइटवर टाकून बघा आणि तिथे स्वतःचा मोबाइल नंबर घाला. दोन मिनिटांचं काम आहे.

कार्डाने पैसे भरण्याचा खरा फायदा पॉइंटांहून मोठा आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. गो फर्स्टने ३ मे २०२३ पासून उड्डाणं बंद केली, तेव्हा हजारो लोकांकडे पुढच्या तारखांची तिकिटं होती. ज्यांनी क्रेडिट कार्डाने पैसे भरले होते त्यांना बँकेकडे जाऊन 'सेवा मिळालीच नाही' म्हणून चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे कार्डावर परत, मागायची वाट तरी होती. बाकीच्यांना कंपनीकडे पैसे अडकलेल्यांच्या रांगेत उभं राहावं लागलं. चार्जबॅकला मुदत असते, साधारण प्रवासाच्या तारखेपासून १२० दिवस धरा, आणि त्यातही वाट बघत बसू नका. रिफंडचा नियमही कार्डाच्या बाजूने आहे. कार्डाने काढलेलं तिकीट रद्द झालं की कंपनीने सात दिवसांत कार्डावर पैसे परत करायचे असतात. 'क्रेडिट शेल'मध्ये, म्हणजे कंपनीकडेच पुढच्या तिकिटासाठी, पैसे ठेवायचे की नाही हे तुम्ही ठरवायचं, कंपनीने नाही. आणि तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी रद्द शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणजे कर आणि विमानतळाचं शुल्क परत मागायचंच. बहुतेक लोक ते सोडून देतात. दिल्लीचं तिकीट रद्द करताना हे तपासा.

आता नवं कार्ड. आधी हिशोब. २०,००० बोनस पॉइंट, ५० पैशांनी १०,००० रुपये. फी ५,००० आणि १८ टक्के जीएसटी मिळून ५,९००. हातात राहिले ४,१००. दोघींची फ्रँकफर्टची तिकिटं दीड लाखाच्या आसपास जातील. तो खर्च तुम्ही तसाही करणारच आहात आणि तो पैसा बचत खात्यात तयार असेल, तर कार्ड घ्या, माझी हरकत नाही. पण कार्ड येईपर्यंत तिकीट थांबवू नका. कार्ड यायला तीन आठवडे लागले आणि तेवढ्यात भाडं तिकिटामागे चार हजारांनी वाढलं, तर बोनस गेला आणि वर खिशातले गेले. आणि दीड लाख पुरे करायला सोन्याचं नाणं, नवा फोन, भाच्याची फी असं काही शोधावं लागणार असेल, तर घेऊच नका. अनेक कार्डांवर पेट्रोल, वॉलेट, घरभाडं, विमा यांना पॉइंट मिळत नाहीत किंवा कमी मिळतात, तेही आधी वाचा.

मिस्टरांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांना एक गोष्ट दाखवा, म्हणजे वाद मिटेल: गेल्या बारा महिन्यांत एकदाही 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरून बाकीचं बिल पुढे ढकललं नाही ना? ढकललं असेल तर ते बरोबर आहेत. ५०,००० रुपये थकले, महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे १,७५०. त्यावर जीएसटी ३१५. एका महिन्याचे २,०६५ रुपये. तेवढ्याच ५०,००० च्या खर्चावर पॉइंट मिळतात फार तर पाच-सातशे रुपयांचे. शिवाय थकबाकी राहिली की त्या महिन्यातल्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, ते पन्नास दिवस बिनव्याजी वगैरे संपलं. बँकेत ऑटो-डेबिट 'टोटल ड्यू'वर लावून ठेवा, 'मिनिमम'वर नको. अनेकांच्या नकळत ते मिनिममवर लागलेलं असतं.

जर्मनीत तुमचं कार्ड बहुधा परकीय चलनाचा साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे जादा आकार, आणि त्यावर जीएसटी घेईल, म्हणजे शंभराला चार रुपयांच्या वर. पॉइंटांसाठी तिथे ते घासू नका. दुकानातल्या मशीनने 'रुपयांत की युरोत' विचारलं, तर युरोच निवडा, रुपये निवडले की दुकानाचा भाव लागतो आणि तो नेहमी महाग असतो.

मे महिन्यातल्या त्या रात्रीबद्दल वाचून मला वाईट वाटलं, कारण तुमचा हक्क एका सँडविचपेक्षा बराच जास्त होता. डीजीसीएचे नियम असे आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाणं-पिणं द्यायचं. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तासांनी, त्याहून मोठ्याला चार तासांनी. देशांतर्गत विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड, प्रवाशाच्या मर्जीप्रमाणे. आणि विमान रात्री आठ ते पहाटे तीन या वेळात सुटणारं असेल आणि उशीर सहा तासांच्या पुढे गेला, तर हॉटेल. तुमचं विमान रात्री नऊचं, उशीर सात तासांचा. हॉटेल मागता आलं असतं, रिफंडही मागता आला असता. रोख भरपाई मात्र नाही, आपल्याकडे नुसत्या उशिराला ती नसते. ती मिळते ते विमान वेळेत न कळवता रद्द केलं तर, उड्डाणाच्या लांबीप्रमाणे ५,००० पासून १०,००० पर्यंत किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, जे कमी असेल ते. जास्त तिकिटं विकून तुम्हाला चढू दिलं नाही तरीही मिळते, आणि ती २०,००० पर्यंत जाते. धुकं, वादळ, संप, सुरक्षेचं कारण असलं तर भरपाई नाही.

मग हॉटेल का मिळालं नाही? कारण उशीर हप्त्याहप्त्याने जाहीर होतो. नऊचं दहा, दहाचं साडेअकरा, साडेअकराचं एक. सहा तास होणार हे आधी कुणी बोलत नाही, आणि सहा तास होतात तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात, लोक बाकांवर चपला उशाला घेऊन झोपलेले असतात. म्हणून तिसरी वेळ जाहीर झाली की काउंटरवर जाऊन विचारायचं, आमचं विमान आत्ता कुठे आहे? विमानांचा माग दाखवणारी ॲप असतात, त्यात तुमच्या विमानाचा नंबर घातला की ते अजून दुसऱ्याच शहरात उभं आहे हे तुम्हालाच दिसतं. ते अजून निघालंच नसेल, तर सहा तासांचं गणित तुम्हीच मांडून दाखवू शकता. बोर्डाचा फोटो काढा, एसएमएस पुसू नका, आणि निघण्याआधी उशिराचा दाखला लेखी मागा. ऐकलं नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते, २०१६ पासून ही सोय आहे. मे महिन्याची तक्रार एसएमएस शिल्लक असतील तर अजूनही करा. पैसे येतील असं सांगत नाही, पण नोंद झालीच पाहिजे.

युरोपचे नियम आपल्याहून कडक आहेत आणि परतीला ते तुमच्या बाजूने आहेत. फ्रँकफर्टहून निघणारं विमान कुठल्याही कंपनीचं असो, तीन तासांहून जास्त उशिरा पोचलं आणि कारण कंपनीचं असलं, तर भारताइतक्या अंतराला ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. जाताना ती फक्त युरोपीय कंपनीने गेलात तरच. दोन तिकिटांच्या भाड्यात थोडाच फरक असेल, तर निवडताना हे मनात ठेवा. शिवाय शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचा प्रवास-विमा तुम्ही घेणारच आहात. त्याच विम्यात विमानाचा उशीर, हुकलेलं कनेक्शन, बॅग उशिरा येणं हे असतं का आणि किती तासांनंतर लागू होतं, ते घेतानाच विचारा. मधुमेह अर्जात लिहा, लपवू नका. कार्डाबरोबर मिळणारा 'विमा' बरेचदा अपघाताचाच असतो, त्यावर विसंबू नका.

आईसाठी व्हीलचेअर ४८ तास आधी विमान कंपनीला कळवा. औषधं, ग्लुकोमीटर आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत, बॅगा हरवल्या तरी आठवडाभर पुरतील इतकी. बरोबर धपाटे ठेवा. उशीर झाला की खायला जे मिळतं ते बहुधा मैदा आणि साखर असतं, आणि ते आईला चालणार नाही. लाउंजचा भरवसा आधी तपासा. बऱ्याच कार्डांनी आता गेल्या तिमाहीतल्या खर्चाची अट घातली आहे, आणि एका कार्डावर बहुधा एकच माणूस आत जातो. आत साधारण दोन-तीन तासच बसू देतात, म्हणून उशीर जाहीर झाल्या झाल्या धावू नका. शेवटचे तीन तास शिल्लक राहतील असा अंदाज घेऊन जा.

आणि लाडू. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि तूप त्यात येतं. लाडवांचा डबा कस्टम्सच्या माणसाने उघडला, तर आईच्या डोळ्यांदेखत तो कचऱ्यात जाईल, आणि ते मला तिच्यासाठी नको आहे. डिंक, खारीक, सुकं खोबरं, जायफळ, वेलदोडे कोरडेच न्या. अळीव तिथे शोधायला नको, जर्मन लोक त्याचे कोंब क्रेसे म्हणून सर्रास खातात. लोणी फ्रँकफर्टच्या कुठल्याही दुकानात मिळतं. आई पोचल्यावर दोन दिवसांनी, झोपेचं वेळापत्रक बसलं की, ते कढवेल आणि लाडू बहिणीच्या स्वयंपाकघरातच वळेल, बाळ यायच्या आधी.